गाण्यातली आगगाडी आणि आपली आगगाडी



बहात्तर सालच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट आहे. आमच्या गावच्या उरुसात तंबूतला सिनेमा आला होता. आमचे गाव मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे, आणि स्टेशन गावापासून हाकेच्या अंतरावर. तंबूत मधोमध दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, आणि पडद्याच्या अगदी पुढ्यात आम्ही पोरे मातीत फतकल मारून बसलेलो. चित्रपट होता 'आराधना'.

त्यातले ते आगगाडीचे गाणे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. डोंगराच्या कडेने एक चिमुकली आगगाडी धूर सोडीत निघाली आहे. खिडकीशी नायिका पुस्तक वाचीत बसली आहे. शेजारच्या रस्त्याने दोघे मित्र उघड्या जीपमधून चालले आहेत आणि त्यातला एकजण तिच्याकडे पाहून गाणे म्हणतो आहे. तंबूत शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ उठला होता. आणि नेमकी त्याच वेळी बाहेर खरीखुरी शिट्टी झाली. रात्रीची पॅसेंजर स्टेशनात शिरत होती. पडद्यावरची गाडी कोणती आणि रुळावरची कोणती, क्षणभर कळेनासे झाले.

आमच्या गल्लीतले तात्या माझ्या मागे बसले होते. ते पूर्णेला रेल्वेत फायरमन होते आणि रजेवर गावी आले होते. सगळा तंबू खुशीत असताना तात्या मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "धूर बघा किती सोडलाय! कोळसा फुकट घालवायलाय गडी."

मी मागे वळून विचारले, "तात्या, कुठली हो ही गाडी?"

"दार्जिलिंगची असंल. आपल्याकडं असला घाट कुठाय? गप बघ आता."

त्या रात्री मी गप्प बसलो. पण तीन प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. ती गाडी कुठली? ते गाणे घेतले कसे? आणि साऱ्या जगाला आवडलेला तो धूर तात्यांना का खटकला? या तीन प्रश्नांची उत्तरे मला पुढे हळूहळू मिळत गेली. तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

पहिला प्रश्न गाडीचा. तात्यांचे बरोबर होते. 'आराधना' हा शक्ती सामंत यांचा चित्रपट १९६९ साली आला. संगीत सचिनदेव बर्मन यांचे, आवाज किशोरकुमारांचा, आणि नायक-नायिका राजेश खन्ना व शर्मिला टागोर. गाण्यातली गाडी दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेची आहे. हा मार्ग १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पुरा झाला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या दोन चाकांतल्या अंतराहूनही कमी. बंगालच्या सपाटीवरून निघालेली ही गाडी घूम नावाच्या स्टेशनावर ७४०७ फुटांची उंची गाठते. चढ फार झाला की रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातात. काही ठिकाणी तर गाडी थोडी पुढे जाते, मग मागे सरकत वर चढते, आणि पुन्हा पुढे निघते. रूळ ओले झाले की चाके घसरतात, म्हणून इंजिनाच्या तोंडाशी माणसे बसतात आणि हाताने रुळांवर वाळू टाकतात. १९९९ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा मान दिला. वाफेची इंजिने तिथे आजही पाहायला मिळतात.

गाण्यासाठी हाच मार्ग का निवडला असेल? डोंगर सुंदर आहेत, हे एक कारण. पण कामाच्या दृष्टीने पाहिले तर त्याहून मोठी कारणे आहेत. तिथे मोटारीचा रस्ता आणि रूळ मैलोगणती शेजारी शेजारी चालतात, आणि रूळ पुन्हा पुन्हा रस्ता ओलांडतात. गाडी इतकी सावकाश चढते की जीप तिच्या बरोबरीने आरामात चालते. आणि वळणे इतकी आखूड की पहिल्या डब्यापासून इंजिनापर्यंत सारी गाडी एका नजरेत मावते. कॅमेऱ्याला आणखी काय हवे?

आता दुसरा प्रश्न. गाणे घेतले कसे? तुम्हांला वाटेल, गाडी चालली होती, जीप चालली होती, दोघांची नजरानजर झाली आणि कॅमेरा फिरला. तसे नाही. त्या वेळी शर्मिला टागोर सत्यजित राय यांच्या एका बंगाली चित्रपटाच्या कामात गुंतल्या होत्या. दार्जिलिंगला त्यांना जाता आले नाही. नायकाचे आणि जीपचे चित्रण दार्जिलिंगच्या रस्त्यावर झाले, आणि नायिकेचे नंतर स्टुडिओत. म्हणजे ज्या दोघांच्या नजरानजरेवर सारे गाणे उभे आहे, त्यांतला एक हिमालयाच्या वाऱ्यात आहे आणि दुसरी स्टुडिओच्या छपराखाली!

हे साधते कसे, तेही सांगतो. स्टुडिओत डब्याची नुसती एक बाजू उभी करतात: बाक, खिडकी आणि थोडी लाकडी भिंत. खिडकीपलीकडे पडदा असतो. आधीच टिपून आणलेले पळते डोंगर त्या पडद्यावर मागच्या बाजूने दाखवतात. कामगार डबा हळूहळू हलवतात. समोरून कॅमेऱ्याला दिसते ते असे, की बाई गाडीत बसली आहे आणि बाहेर डोंगर पळताहेत. गाणे तर आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. ते वाजवायचे, आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. पुढे कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसणारा संकलक हे तुकडे असे जोडतो की सांधा दिसू नये.

ही फसवणूक झाली का? मला तसे वाटत नाही. आपला कीर्तनकार देवळाच्या सभामंडपात एकाच जागी उभा असतो. एक पाऊल पुढे टाकून तो आपल्याला पंढरपुराहून लंकेत नेतो, आणि आपण जातो. सिनेमाही तेच करतो. पण शिक्षकाने मुलांना हा सांधा दाखवून द्यावा. पडद्यावर शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टी खरोखर शेजारी असतीलच असे नाही, एवढे मुलाला कळले तर पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक दाखला देतो. १९७५ सालचा 'शोले' तर सर्वांना ठाऊक आहे. त्यातले रामगढ हे गाव कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत उभारले होते. पण दरोडेखोर घोड्यांवरून मालगाडीचा पाठलाग करतात, तो भाग आपल्या पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाला. पडद्यावर तो काही मिनिटांत संपतो, आणि त्याला लागले सात आठवड्यांहून अधिक दिवस. डाकू कर्नाटकातले, गाडी कोकणातली, आणि पाहणारा आपला माणूस म्हणतो, "हे तिकडं चंबळला घडलं असणार."

खरे पाहता आगगाडी आणि सिनेमा यांची सोयरीक फार जुनी आहे, आणि प्रवासी गाडी काय, सिनेमा काय, दोघेही हिंदुस्थानात पहिल्याने उतरले ते मुंबईत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्याच मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. त्या पहिल्याच खेळात स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीचे एक चित्र होते. सिनेमा आपल्याकडे आला तोच गाडी घेऊन आला म्हणा ना!

बोलपट आले आणि गाडीला गाणे मिळाले. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अशोककुमार आणि देविकाराणी यांची कामे, सरस्वतीदेवींचे संगीत, आणि गाणी नटांनी स्वतःच म्हटलेली. त्यातली नायिका रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी आहे. जातीच्या भिंतीमुळे तिचे प्रेम सफल होत नाही, आणि शेवटी रुळांवर माणसे भांडत असताना, येणारी गाडी थांबवायला धावलेली ती मुलगी त्याच गाडीखाली जाते. त्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये नादिया गाडीच्या टपावर चढून गुंडांशी मारामारी करीत होती. पुढे १९७२ च्या 'पाकीजा'त मीनाकुमारीच्या एका गाण्याच्या शेवटी दूरच्या इंजिनाची शिट्टी येते, आणि ती सगळ्या चित्रपटभर नायिकेचा पाठपुरावा करते. गाडीने कुणाला नेले, कुणाला आणले, कुणाची ताटातूट केली. आपल्या सिनेमातल्या सुखदुःखाला इंजिनाच्या शिट्टीइतका सोबती दुसरा नाही.

आता तिसरा प्रश्न, तात्यांचा. धूर त्यांना का खटकला?

त्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकवावे लागेल. पुढच्या लांब गोल टाकीत पाणी असते. मागे भट्टी. भट्टीतली ऊन हवा टाकीतल्या नळ्यांमधून जाते, पाण्याची वाफ होते, आणि ती कोंडलेली वाफ दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांतले दट्टे मागेपुढे ढकलते. दट्ट्याला दांडा, दांड्याला चाक. काम झालेली वाफ धुराड्यातून झपाट्याने बाहेर पडते, आणि जाता जाता भट्टीतली हवा ओढून घेऊन आग आणखी भडकवते. आपण ज्याला झुक झुक म्हणतो तो या सुटणाऱ्या वाफेचाच आवाज. दोन नळकांड्यांच्या इंजिनात मोठ्या चाकाचा एक फेरा झाला की चार वेळा झुक होते. पोरांना हे सांगून पाहा. ती लगेच बोटे मोजायला लागतात.

फायरमनने फावड्याने कोळसा टाकायचा, तो भट्टीत सारखा पसरायचा, पाण्याची पातळी सांभाळायची, वाफेचा दाब पाहायचा. समोर भट्टीचा जाळ, पाठीला वारा, आणि पायाखालची फळी सारखी हलणारी. आता मर्म ऐका. कोळसा नीट जळाला तर धुराड्यातून विरळ, करडा धूर निघतो. काळा दाट धूर निघाला, म्हणजे कोळसा जास्त पडला किंवा हवा कमी पडली, आणि न जळलेला कोळसा धुरावाटे आभाळात चालला. म्हणून चांगल्या फायरमनचे डोळे धुराड्याकडे असत. काळा धूर ही त्याच्या हाताची चूक मानली जाई.

आणि सिनेमावाल्याला तर काळाच धूर हवा असतो! सत्यजित राय यांच्या १९५५ च्या 'पथेर पांचाली'त अपू आणि दुर्गा ही भावंडे काशफुलांच्या पांढऱ्या शेतातून धावत आगगाडी पाहायला जातात. ते दृश्य राय यांनी एकाहून अधिक गाड्यांवर मिळून टिपले. ऐन वेळी काळा धूर निघावा म्हणून त्यांचा एक माणूस इंजिनवाल्याकडे जाऊन भट्टीत कोळसा टाकायला सांगत असे. शेतकरी श्रोत्यांना त्या दृश्याची आणखी एक गंमत सांगतो. पहिल्या दिवशी थोडे काम झाले. काही दिवसांनी मंडळी परत आली, तो गुरांनी सगळी काशफुले खाऊन टाकलेली! पुढच्या वर्षी फुले येईपर्यंत थांबावे लागले.

तेव्हा पडद्यावरची शोभा ती तात्यांच्या लेखी नासाडी होती. दोघेही आपापल्या जागी खरे. पण गाण्यात आपल्याला खिडकी दिसते, खिडकीतला चेहरा दिसतो, धूर दिसतो. तो धूर करणारा माणूस दिसत नाही. चारपाच मिनिटांच्या गाण्यात त्याला जागा नसते.

आणि आपला मार्ग? हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची ही रेल्वे निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास सुरू झाली. मनमाड, लासूर, दौलताबाद, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड आणि तिथून पुढे हैदराबादेकडे. रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला मुंबईची मोठी लाईन, तिचे अंतर १६७६ मिलिमीटर. एकीचा डबा दुसरीवर चालायचा नाही. म्हणून आपल्या कापसाच्या गाठी मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायच्या, आणि मुंबईला निघालेल्या माणसाने बोचके डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. मनमाडच्या फलाटावरची ती धावपळ आजच्या साठीच्या पुढच्या माणसांना चांगली आठवत असेल.

या मार्गावर गाण्याला सोयीचे काही नव्हते. सपाट काळे रान, सरळ रूळ, रस्ता कधी जवळ येणार तर कधी दूर जाणार. खिडकीतून देवगिरीचा किल्ला दिसतो तेवढाच काय तो डोंगराचा थाट. पण अभिमानाच्या गोष्टी आपल्याकडेही होत्या. काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्सप्रेस ही १९६० नंतरच्या दशकात वाफेवर चालणाऱ्या मीटरगेज गाड्यांत देशातली सर्वांत वेगवान गाडी गणली गेली. सरासरी वेग ताशी साडेबेचाळीस किलोमीटर. आज हा आकडा ऐकून मुले हसतील. पण थांबे धरून, पाणी भरण्याचा वेळ धरून हा वेग राखायचा, म्हणजे दोन माणसांनी भट्टीशी आणि घड्याळाशी किती झटायचे, याचा विचार करा. आणि पाणी तरी कुठले? ते आपल्या मराठवाड्यातले!

ज्या वर्षी आपल्याकडे तो मोठा दुष्काळ पडला, त्याच १९७२ साली चित्तरंजनच्या कारखान्यातून देशातले शेवटचे मीटरगेज वाफेचे इंजिन बाहेर पडले. पुढे डिझेल आले. १९९० नंतरच्या वर्षांत आपला मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या लाईनचा झाला. मनमाडला गाडी बदलणे संपले, ही फार मोठी सोय झाली. ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर मोठ्या लाईनवरची वाफेची नेहमीची गाडी शेवटची धावली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. जुने गेले म्हणून मी रडगाणे गात नाही. डोळ्यांत कोळशाचा कण गेल्यावर काय होते ते मला ठाऊक आहे.

दार्जिलिंगच्या गाडीचे गाणे राहिले. आपल्या गाडीचे काय राहिले?

इथे मला स्वतःची एक चूक कबूल करावी लागते. मी पुढे शिक्षक झालो. तीस वर्षे मुलांना वाफेची शक्ती शिकवली. दरवर्षी तोच जेम्स वॅट, तीच किटली, तेच उडणारे झाकण. आणि त्याच गावात, शाळेपासून चौथ्या गल्लीत, निवृत्त झालेले तात्या ओट्यावर बसून असत. आयुष्यभर वाफेवर भाकरी खाल्लेला माणूस! पण एकदाही मला सुचले नाही की त्यांना वर्गात बोलवावे, मुलांसमोर बसवावे आणि म्हणावे, "तात्या, सांगा." ते गेले त्यानंतर त्यांच्या मुलाने मला त्यांचे फावडे दाखवले. मूठ हाताने झिजून गुळगुळीत झालेली. फावडे होते. ते कसे टाकायचे, हे सांगणारा उरला नव्हता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आज विनंती करतो. आपल्या मार्गावर अजून काही जुनी माणसे आहेत. कुणी ड्रायव्हर होता, कुणी फायरमन, कुणी सांधेवाला, कुणी फाटकवाला, कुणी मनमाडला गाठी वाहणारा हमाल. आता ती ऐंशीच्या घरात आहेत. सुट्टीत चारपाच मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. मोठे प्रश्न नकोत. पाणी कुठे भरायचा? डबा कधी खायचा? रात्री झोप कशी आवरायची? कोणत्या चढावर इंजिन दमायचे? उत्तर त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा. मोबाईलवर आवाज साठवता आला तर उत्तमच, पण वहीवरही लिहा.

लहान वर्गांसाठी आणखी एक खेळ आहे. १९६८ च्या 'आशीर्वाद'मध्ये अशोककुमार मुलांना गोळा करून स्टेशनांची नावे ओवलेले गाडीचे गाणे म्हणतात. आपल्या मुलांना आपल्या स्टेशनांची नावे द्या. लासूर, पोटूळ, दौलताबाद, चिकलठाणा, करमाड, बदनापूर. ती आपोआप ठेक्यात येतात. एका चाकाला चार झुक, एवढे ध्यानात ठेवले की ताल सापडतो. गाणे मुलांनीच रचावे. दार्जिलिंगची वाट बघायला नको.

आणि ज्यांना वाफेचे इंजिन डोळ्यांनी दाखवायचे असेल, त्यांनी सहल नेरळला न्यावी. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचे जुने इंजिन तिथे ठेवलेले आहे. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इंजिनापाशी मुलांना उभे केलेत, की धुराड्याकडे पाहण्याआधी मागे न्या. भट्टीचे दार दाखवा, आणि सांगा, इथे एक माणूस उभा असायचा.

परवा मी 'आराधना'तले ते गाणे नातवाबरोबर पुन्हा पाहिले. नातू नायकाकडे पाहत होता. माझे लक्ष धुराकडे होते. मी म्हणालो, "धूर बघ किती सोडलाय." त्याने विचारले, "मग काय झालं आजोबा?"

मी गाणे थांबवले, आणि त्याला तात्यांची गोष्ट सांगायला बसलो.